समोरच्या रांगेची ओळ

“थांब गो. त्यांची ओळ त्यांका म्हणूं दी.”

आवाज शेजारच्या आनंदीचा, आणि तो केरीच्या मांडावरचा, गावच्या खेळायच्या अंगणातला. पौषातले धालो, बायकांचं रात्रीचं नाचगाणं, चालू होते. बायकांच्या दोन रांगा समोरासमोर, एकमेकींच्या कमरेला हात घातलेल्या, वाकून पुढे येत होत्या आणि वाकूनच मागे जात होत्या. एका रांगेने ओळ सोडायची, दुसरीने ती झेलून उत्तर द्यायचं, असं ते गाणं. ‘न्हंयपल्याड गे दिवो कोणें लायलो?’ असं आनंदीच्या रांगेने विचारलं, नदीपलीकडे दिवा कुणी लावला, आणि समोरची रांग गप्प राहिली. त्यांची गाणारी बाई त्या वर्षी उरली नव्हती. आनंदीच्या कुशीला चिकटून झुलणाऱ्या लहानग्या सुमंगलेला उत्तर पाठ होतं. भावाने लावला, असं होतं ते. तिने तोंड उघडलं, तेवढ्यात आनंदीने तिचं मनगट दाबलं आणि कानाशी ते वाक्य म्हटलं. रांगा नुसत्या झुलत राहिल्या. शेणाने सारवलेल्या मांडावर पावलांचा धप, धप आवाज. सुमंगलेला तो वेळ सोसवेना, घशात अडकलेली ओळ खाजकुयलीसारखी खाजत होती. आणि मग समोरून कुणा म्हातारीचा चिरका आवाज निघाला, ‘भयणीन आमचे गे, वाट पळयत लायलो.’ बहिणीने लावला, वाट पाहत लावला. भाऊ नव्हताच त्यात. आनंदी मनगट सोडून हसली आणि पुढचं सगळं गाणं त्या बहिणीच्या मागून घेऊन गेली.

इतक्या वर्षांनी तो आवाज डिचोलीच्या बाजारात, हातात गरम पोयांचा, कोंड्याच्या पावांचा, कागद धरलेला असताना का यावा, हे सुमंगलाबाईंना कळलं नाही. म्हणजे कळलं होतं, पण कळून घ्यायचं नव्हतं. समोर गुरुदास उभा होता. त्यांचाच जुना विद्यार्थी, आता हायस्कुलात मास्तर, तालुक्याच्या निबंधस्पर्धेचा परीक्षक. पोट सुटलं होतं, पण बाईंसमोर आला की अजून पाय जुळवून उभा राहायचा. “बाई, तुमची मुलं आम्ही नाव न वाचता ओळखतो हां,” तो कौतुकाने म्हणाला. “पैज लावतो आम्ही परीक्षक. पहिल्या पानावर नदी संथ वाहायला लागली की म्हणायचं, ही सुमंगलाबाईंची. दुसऱ्या पानावर आईच्या डोळ्यांच्या कडा ओलावल्या की पैज जिंकली. माझी आईपण निबंधात मायेची सावली होती, आठवतं? खरं म्हणजे ती माका झाडणीन बडयताली.” तो हसला. बाईही हसल्या. “नंबर तुमच्याच मुलांना देतो. दुसरं चांगलं असतं कुठं?” असं म्हणून तो मासळीबाजाराकडे वळला. त्याच्या मनात काही नव्हतं. सुमंगलाबाई तिथेच उभ्या राहिल्या. पोयांची ऊब कागदातून तळहाताला लागत होती आणि आत कुठेतरी, पायरी आहे समजून पाऊल टाकावं आणि ती नसावी, तसं झालं होतं. मनगटावर आनंदीची बोटं होती.

दुपारी बाल्कांवावर, घरापुढच्या ओसरीवर, बसून त्या शिकवणीतल्या भाग्यलक्ष्मीची वाट पाहू लागल्या तेव्हाही ती बोटं गेली नव्हती. आज भाग्यलक्ष्मी एकटीच येणार होती. स्पर्धेचे निबंध पाचच्या आत वाचनालयात पोचवायचे होते, बाकीच्या मुलांचे गेले होते, हिचा कागद अजून कोरा. खाणी बंद पडून दुसरं वर्ष चालू होतं. भाग्यलक्ष्मीचा बाप दत्ताराम दोडामार्गाकडून खनिजाचा ट्रक चालवायला आलेला माणूस. तो ट्रक आता मयेच्या वाटेवर शेकडो ट्रकांच्या ओळीत उभा होता आणि त्याच्या चाकांवरून घोटवेल चढली होती. मुलीची परीक्षा झाली की घरच्यांनी गावी परतायचं ठरवलं होतं. गेल्या आठवड्यात तिची आई जानकी वाटेत भेटली तेव्हा म्हणाली होती, “बाईनू, हेंतूर काय येयत तां येयत. नाय आला, तर सोड म्हटलंय तिका. थंय गावात ह्या लिवन कोणाक दाखवतला?” आणि शेजारी उभ्या भाग्यलक्ष्मीने अगदी सहज मान हलवली होती. लिहिणं सोडून देणारी मुलं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. पण ही सोडणार म्हणजे हातातली परडी पाण्यात सोडून द्यावी तसं होतं. कारण ही पोर पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या वहीत अशी वाक्यं असत की बाई वाचता वाचता थांबत. थांबत, आणि मग पेन उचलत.

ती आली. चपला पायरीखाली नीट जोडून ठेवल्या, समोरच्या सोप्यावर, दगडी बाकावर, बसली, मधल्या कदेलीवर वही ठेवली. बाल्कांवाचे दोन सोपे समोरासमोर, मध्ये टेबलासारखी वापरायची ही जुनी खुर्ची, कदेल. इतकी वर्षं बाईंची शिकवणी अशीच चालली होती. “विषय काय?” बाईंनी विचारलं, माहीत असूनही. “घरातला एक दिवस,” मुलगी म्हणाली. तिने पेनाचं टोपण काढलं, कागदाकडे पाहिलं, टोपण परत लावलं. आणि मग तिने वही अलगद फिरवली. अक्षरं बाईंकडे तोंड करतील अशी. पेन वहीवर आडवं ठेवून तेही थोडं पुढे सरकवलं.

सगळीच मुलं असं करत. अडलं की वही फिरवायची. कुणी शिकवलं नव्हतं, पण प्रत्येक नवं मूल महिन्याभरात ते उचलायचं, जसं देवळात शिरताना मान खाली घालणं उचलतात. बाईंना त्याचा अभिमान होता. मुलांचा विश्वास आहे, असं त्या नवऱ्याला सांगत. आज पहिल्यांदा त्यांना ती फिरणारी वही नुसती दिसली. कोरा कागद, त्यांच्याकडे तोंड केलेला. त्यांचा उजवा हात उठलासुद्धा. ‘सकाळची कोवळी किरणे अंगणात उतरतात आणि आमच्या घराला जाग येते’ इथून सुरुवात, मध्ये आईची लगबग, बापाच्या चेहऱ्यावरची चिंता, शेवटी तुळशीपुढची सांजवात. सगळा निबंध डोक्यात घडी घालून तयार होता. सांगितला असता तर चार वाजेपर्यंत उतरवून झाला असता. गुरुदासने पैज जिंकली असती आणि पोरीने नंबर. हात वहीपर्यंत गेला. बाईंनी वही धरली आणि परत मुलीकडे फिरवली.

भाग्यलक्ष्मीने वर पाहिलं. “चुकलं काय, बाई?”

“नाही.”

“मग सांगा ना.”

“तू सांग.”

मुलीच्या चेहऱ्यावर भीती आली. बाईंनी कधी असं केलं नव्हतं. त्या रागावल्यात, असं तिला वाटलं असणार. तिने पाठ ताठ केली, ओठ मिटले आणि झरझर एक ओळ लिहिली. बाईंना उलटी वाचता येत होती. उलटं वाचण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. ‘सकाळची कोवळी किरणे अंगणात उतरतात.’ त्यांच्या डोक्यातलीच ओळ, त्यांनी न सांगता. “छान,” त्या सवयीने म्हणाल्या, आणि म्हटल्याबरोबर मुलीचा हात थांबला. दार लोटून घ्यावं तसा. ‘छान’ ऐकलं की मुलं थांबतात, हे इतक्या वर्षांत त्यांच्या कसं लक्षात आलं नाही? जे हवं होतं ते मिळालं, आता पुढे कशाला जायचं? भाग्यलक्ष्मीने पुन्हा वही फिरवली. बाईंनी ती पुन्हा परतवली.

त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून घेतले. सोपा थंड होता. आपण लहान असताना असेच हात दाबून बसायचो, हे त्यांना आठवलं. पेडण्याकडच्या त्या नव्या शाळेत, गोवा मोकळा झाल्यावर गावोगाव ज्या मराठी शाळा निघाल्या त्यांतल्या एका. भिंतींना अजून चुन्याचा वास, आणि वर घाटावरून आलेले मधुकर मास्तर, स्वच्छ धोतर, स्वच्छ भाषा. ‘आमचा समुद्र’ असा निबंध होता. सुमंगलाने लिहिलं होतं, तिसऱ्या म्हणजे शिंपल्या रात्रभर पाण्यात ठेवल्या की त्या खाल्लेली वाळू ओकतात, आणि सकाळी आई म्हणते, आता ह्यांचं पोट निर्मळ झालं. मास्तरांनी सगळ्या वर्गासमोर तिला जवळ घेतलं होतं, मायेने, आणि त्या ओळींवर एक सरळ रेघ मारून वर लिहिलं होतं, ‘सागराच्या कुशीत अनमोल रत्ने दडलेली असतात.’ वाईट वाटलं होतं का? नाही, तेच तर. चतुर्थीचं नवं परकर-पोलकं अंगावर चढल्यासारखं वाटलं होतं. घरी जाऊन तिने आईला रत्नांचं वाक्य वाचून दाखवलं होतं आणि तिसऱ्या फोडणाऱ्या आईने हात न थांबवता म्हटलं होतं, “आमच्या दर्यांत रत्नां खंयची गो?” तेव्हा सुमंगलेला आईचीच लाज वाटली होती. मग ती रत्नं गोळा करत गेली. शिकली, डिचोलीला लग्न होऊन आली, शिकवू लागली, आणि आपल्याजवळची रत्नं मुलांच्या वह्यांत वाटत राहिली, हात आखडता न घेता. वाईट मनाने एक ओळसुद्धा खोडली नव्हती तिने.

“काय गे, आज शाळा मुकी?” आतून नवरा सगुण आला, हातात चहाचे कप. जन्मभर नार्व्याच्या धक्क्यावर फेरीबोट हाकलेला माणूस, निवृत्तीनंतर स्वयंपाकघर हाकत होता. “रोज हांगा तुझो एकटीचोच आवाज. आज म्हटलं, सुमंगला गेली की काय.” त्याने कप ठेवले, कोऱ्या कागदाकडे आणि मांड्यांखाली दाबलेल्या हातांकडे पाहिलं, आणि जाता जाता म्हणाला, “पल्याडच्या धक्क्यार माणूस नसलो तरी बोट थांबताली हां आमची. कोण येयत, कोण जाणा.” मग आतून जनेल-खिडकी ओढून घेतली. उन्हाची पट्टी वहीवरून सरकून मुलीच्या गुडघ्यावर गेली होती. चार वाजून गेले असावेत. वाचनालयातल्या शिपायाने कुलूप शोधायला सुरुवात केली असेल.

“काल काय झालं तुमच्या घरी?” बाईंनी विचारलं.

“कायच नाय.”

“आई स्वयंपाक करताना दमलेली दिसली असेल ना?” हे तोंडातून निघालं आणि त्यांनी जीभ चावली. हाही प्रश्न नव्हताच. उत्तर आत भरून वरून मुरडलेली करंजी. भाग्यलक्ष्मीने मुकाट्याने लिहिलं, ‘आई दमलेली दिसली.’ बाईंनी प्रश्न विचारावा आणि मुलीने त्यातलं सारण काढून वहीत ठेवावं, अशी ही रीत. इतकी वर्षं. किती घरांतल्या आया आपण दमवल्या, किती बापांच्या कपाळांवर आठ्या पाडल्या, असं मनात येऊन बाईंना हसू फुटलं आणि लगेच विरलं, कारण त्याच क्षणी त्यांना गेल्या वर्षीचा तो बाप आठवला.

‘माझे वडील’ विषय होता. खाणी नुकत्याच बंद झाल्या होत्या. भाग्यलक्ष्मीने लिहून आणलं होतं, ‘ट्रक चालू होता तेव्हा बाबा मोठ्याने बोलायचे, इंजिनात ऐकू यावं म्हणून. आता ट्रक उभा आहे, तरी पहिले काही दिवस ते मोठ्यानेच बोलत होते. मग हळू बोलायला लागले.’ बाई तिथे थांबल्या होत्या. अंगावर शहारा आला होता, हे त्यांना आता स्पष्ट आठवत होतं. शहारा आला होता आणि तरी हात पेनाकडे गेला होता, किंवा शहारा आला म्हणूनच गेला होता. काहीतरी उघडं दिसलं आणि त्यावर चटकन पदर ओढावा तसं त्यांनी ते झाकलं. ‘वडिलांच्या डोळ्यांत चिंतेचे सावट दाटून येते.’ निळ्या शाईवर सरळ रेघ, वर लाल शाईतलं सावट. “हां बाई,” मुलगी म्हणाली होती, फार पटकन. तेव्हा ती वाक्याकडे पाहत नव्हती, पेनाकडे पाहत होती. त्या निबंधाला पहिला नंबर आला. पेला मिळाला. त्यानंतर मुलगी स्वतःच सावटं घेऊन येऊ लागली आणि बाईंना वाटलं, शिकली. मग हळूहळू तीही आटली. वही कोरी येऊ लागली, नुसती फिरवायला.

आणि जानकी वाटेत भेटली तेव्हा हिने ती मान हलवली.

पाचाला थोडाच वेळ उरला होता. सांगून टाकावं, बाईंच्या जिभेवर सगळं होतं. कोवळी किरणं, लगबग, सांजवात. मुलीने तिसऱ्यांदा वही फिरवायला हात लावला आणि फिरवली नाही. नुसता हात वहीवर राहिला. ती रडवेली झाली होती. “बाई, आई म्हणाली, बाईंनी दिलं तर लिही. तुम्ही देणार नाय तर मी जातंय.” ती उठलीच. उजवा पाय चपलेत गेला. आता ती गेली की गेली, हे बाईंना उमजलं. स्पर्धा गेली, त्याचं काही नव्हतं. ही पायरी उतरली की दोडामार्गापर्यंत मागे वळून पाहणार नाही. तिला थांबवायला त्यांच्याजवळ देण्यासारखं काहीच नव्हतं. जे होतं ते द्यायचं नव्हतं. छाती धडधडत होती. धप, धप.

“भाग्या,” त्या म्हणाल्या. “गेल्या वर्षी तू लिहिलं होतंस, ट्रक उभा राहिल्यावर बाबा हळू बोलायला लागले. अजून हळूच बोलतात?”

विचारल्यावर त्यांच्या लक्षात आलं की या प्रश्नाचं उत्तर आपल्याला ठाऊक नाही. बाल्कांवावर बसून असा प्रश्न आपण कधी विचारला होता, ते त्यांना आठवेना.

एका पायात चपल घालून मुलगी उभी राहिली. “तां तुम्ही खोडलं होतं,” ती म्हणाली. शाळेतली भाषा तिच्या तोंडून सुटत चालली होती.

“हो. खोडलं होतं.”

“तुमका याद आसा?”

“पाठ आहे.”

मुलगी बसली. सोप्यावर नाही, पायरीवर, बाईंकडे अर्धी पाठ करून. वही वर कदेलीवर एकटीच राहिली. समोरच्या वाटेवरून पाववाला पोदेर सायकलीचा भोंगा वाजवत गेला, संध्याकाळचे उंडे पाव घेऊन. वाचनालय बंद होत असेल. बाईंनी तिकडचा विचार सोडून दिला, आणि सोडल्यावर जाणवलं की आपण तो केव्हापासून मुठीत धरून ठेवला होता.

“तो निबंध,” मुलगी म्हणाली.

बाईंच्या ओठांवर ‘मग?’ आलं. त्यांनी ते गिळलं. ‘आवडला ना बाबांना?’ हेही आलं, सारणासकट, तेही गिळलं. घशात तीच जुनी खाज. मनगट कुणीतरी घट्ट दाबलेलं. समोरची रांग गप्प आहे आणि आपल्याला उत्तर पाठ आहे, असं वाटतंय. पण नाही, पाठ नाही. झुलत राहायचं नुसतं. मुलगी पायाच्या अंगठ्याने पायरीवरच्या लाल धुळीत रेघ ओढत होती, पुसत होती, परत ओढत होती.

“पेलो मेळलो त्या दिसा आयेन माका म्हटल्यान, बापाशीक वाचून दाखय. बाबा न्हावन ईले, उंबऱ्यार बसले. मी सगळो वाचलंय. सावट-बिवट सगळा. ते हलले नाय. इंजिन ऐकतत ना, तशे मान वाकडी करून ऐकत होते.”

ती थांबली. अंगठाही थांबला.

“संपल्यावर म्हणाले, बरा लिवलंस. आणि पेलो हातात घेऊन बघल्यांनी. मी आत जावक उठलंय, तर माका परत बोलावल्यांनी.” तिने मान वळवून बाईंकडे पाहिलं, सरळ, पेनाकडे नव्हे. “मी ह्या कोणाक सांगूक नाय, बाई. आयेकय नाय. बाबांनी अगदी हळू इचारल्यांनी, ‘पण ह्यो कोणाचो बापूस गो?’”